वरच्या खोलीतला आणि पेणच्या मूर्ती

परवा संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर मोडाचे वाल सोलत होतो, वरच्या खोलीतला भाडेकरू आणि मी. माझी बायको गेली, तेव्हापासून तो रोज खाली येतो. सालं स्वतःच्या गुडघ्यावर रचतो आणि मान हलवत स्वतःशीच बोलतो.

पेणच्या एका गणपती कारखान्याची वेबसाइट तो सांभाळतो. मूर्तींचं बुकिंग सुरू व्हायचं होतं.

“काका, नव्या सर्व्हरला आठ प्रोसेसर हायेत. जुना डेटाबेस ड्रायव्हर, म्हंजे बुकिंगच्या नोंदवहीशी साइट जोडणारा प्रोग्रॅम, गिऱ्हाइकं एकेक करून आत सोडतो, बाकीचे प्रोसेसर नुसते बसून. नवा ड्रायव्हर सगळ्यांना एकदम सोडतो, पण गर्दीत एकाची मूर्ती दुसऱ्याच्या नावावर पडते. कुठला ठेवू?”

“मला काय विचारतोस? चौथीत शाळा सोडलेला मी.”

“काकूंना विचारायचो. त्यांनाही कळायचं नाय.”

मला हसू आलं. म्हटलं, “तिची मूर्ती दुसऱ्याच्या घरी गेली असती, तर तिनं तुला जिन्यावरून ढकललं असतं.”

त्याचा हात थांबला. “व्हय, ढकललंच असतं.”

सकाळी त्यानं जुनाच ड्रायव्हर लावला आणि माझं दार वाजवलं. “चला पेणला. साइट हळू चालणार, हे मालकाला तोंडावर सांगायचंय. तुम्ही असलात तर शिव्या कमी देईल.”

ही गेल्यापासून मी रोह्याबाहेर पडलो नव्हतो. मी नाय म्हणायच्या आत त्यानं वाकून माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून मांडल्या.