नागपुरात शिकलेली सायकल

लग्न ठरलं तेव्हा मला मुलापेक्षा नागपूरच जास्त आवडलं होतं. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मी सायकलला नुसता हात लावला तरी बाबांच्या कपाळाला आठी पडायची. लोक काय म्हणतील, एवढाच त्यांचा मुद्दा. नागपुरात लाखो लोक, तिथे मला कोण ओळखतंय? गेल्या गेल्या सायकल शिकायची, हे मी हळद लागायच्या आधीच ठरवून टाकलं.

गेले तर गल्लीच्या तोंडाशीच एक बाई म्हणाली, "आली का वं पोरी? गावात धान कापून झाले का?"

कधीकाळी आमच्याकडचा एक गवंडी इथे कामाला आला. त्याने साळ्याला आणलं, साळ्याने भावाला, भावाने अर्ध्या गावाला. माझं सासरही त्यांच्यातलंच. एवढं अफाट शहर, आणि माझ्या वाट्याला यावा तो आमचाच तालुका! नवऱ्याने हे लग्नाआधी सांगायला नको?

पण मी पक्की हट्टी. तिसऱ्याच दिवशी आठवड्याच्या भाड्याने सायकल आणली. नवऱ्याने मागून धरली, तरी दोनदा आपटले. कोपर सोललं आणि हसू काही आवरेना.

आमच्या गल्लीत गावचा तांदूळ एसटीच्या टपावरून यायचा. रिकामी पोती परत जायची, आणि त्यांच्यासोबत कंडक्टरच्या तोंडी गल्लीच्या बातम्या. माझीही गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दारात उभे. संपली सायकल.

बाबा पाणी प्याले. "कुठी हाये ते सायकल?" मी दाखवली. त्यांनी घंटी वाजवून पाहिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मले बी शिकव. गावात शिकलो असतो तं लोक हासले असते. इथी आपल्याले कोण वळखते?"

दारादारांतून अख्खा तालुका आमच्याकडे बघत होता. मला सांगवेना. बाबा मला इतके लाडके कधीच वाटले नव्हते. मी सीट धरली, जावयाने हँडल धरलं. बाबा धोतर खोचून बसले आणि थेट शेजारणीच्या पापडांवर गेले. गल्ली हसून लोटपोट झाली, बाबा सगळ्यांत जास्त.

त्याच संध्याकाळच्या बसने तीही बातमी गेली. "आता तुही माय मले घरात घेत नाई," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईच आली. पदर कमरेला खोचलेला. बाबांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"त्याईले बाजूले कर," ती मला म्हणाली. "आधी मले बसू दे."