हट्टी डिस्क

डायनिंग टेबलावर मी पाच प्लॅस्टिकच्या डिस्क ओळीने मांडून ठेवल्या होत्या. बायको पोळ्यांचा डबा घेऊन आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "ताटं घेऊ, का आज यांच्यातच वाढू?"

"हात लावू नकोस. वजनाप्रमाणे लावल्यात."

"पोळ्या गार होताहेत, त्या कशाप्रमाणे लावू तेही सांगून ठेवा."

आमच्या सदाशिव पेठेत याला संवाद म्हणतात. तिने पोळी वाढली आणि हात चटकन मागे घेतला. तेवढ्यातही मला दिसायचं ते दिसलं. त्या हातासाठीच तर मी डिस्क निवडत होतो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तिशीची मुलगी भाड्याने राहायला आली. अमरावतीची, आयटीत नोकरीला. ती आम्हाला एकदा शहराबाहेरच्या एका माळावर घेऊन गेली. तिथे दर रविवारी सकाळी दहाबारा जण डिस्क गोल्फ खेळतात. गोल्फच, फक्त चेंडूऐवजी डिस्क फेकायची आणि खड्ड्याऐवजी खांबावरच्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीवर साखळ्या लटकवलेल्या असतात. कमीत कमी फेकींत जो पोहोचेल तो जिंकला. मी भूमिती शिकवून रिटायर झालेला मास्तर, मला त्यातले कोन आवडले. बायकोला काय आवडलं कोण जाणे, पण साखळ्या खळखळल्या की ती मोठ्याने हसायची. घरात ती तशी हसत नाही. ते हसू ऐकायला मी रविवारची वाट बघायचो, हे तिला कधी सांगितलं नाही.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप अर्धाच भरायला लागली. नंतर सही वाकडी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. गोळ्यांनी थोडं कमी होईल. माळावर तिची डिस्क हातातून सुटतानाच लटपटायची आणि भलतीकडे जायची. तरी ती येत होती. पण एकदा नारायण पेठेत माझ्या बहिणीकडे सत्यनारायण होता. तीर्थ घ्यायला तिने हात पुढे केला आणि तळहातावरचं सगळं तीर्थ शेजारणीच्या पैठणीवर सांडलं. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिने माळ सोडला, हळदीकुंकू सोडलं, बहिणीचं घर सोडलं. विचारलं की म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मला कंटाळा आलाय." चौतीस वर्षांत तिला कंटाळा आलेला मी पाहिला नव्हता. माझी बायको डोळ्यांदेखत घरात आकसत चालली होती आणि मी हातावर हात ठेवून बसलो होतो.

एकदा जिन्यात अमरावतीकर भेटली. मी तिला सगळं सांगितलं.

"काका, काकूंना ओव्हरस्टेबल डिस्क द्या," ती म्हणाली. "टोपलीजवळ जायला ॲप्रोच डिस्क असते ना, त्यातली. लय हट्टी असते ती. हात हालून राहिला तरी कोणाचं ऐकत नाही."

तिने ते समजावून सांगितलं. उजव्या हाताने फेकलेली डिस्क वेग संपत आला की डावीकडे वळते. साधी डिस्क वाऱ्याने किंवा हाताच्या हिसक्याने वाट सोडते. ओव्हरस्टेबल सोडत नाही. वारा असो, हात डगमगो, ती शेवटी डावीकडेच वळणार आणि जमिनीवर बसणार. म्हणून शेवटच्या तीसचाळीस पावलांसाठी लोक तिच्यावर भरवसा ठेवतात.

मला भरवसाच हवा होता. खेळणाऱ्यांकडून मी अशा पाच डिस्क मागून आणल्या आणि तीन आठवडे रोज सकाळी माळावर एकटा जाऊन फेकत राहिलो. प्रत्येक डिस्क वीसवीस वेळा, टेपने अंतर मोजून, आलेखाच्या वहीत खुणा करून. फेकताना मी मुद्दाम मनगट थरथरवायचो. तिचा हात कसा हलतो ते मला पाठ झालं होतं. चार डिस्क नापास झाल्या. पाचवी, विटकरी रंगाची, जाड काठाची, काही केल्या वाकड्यात जाईना. कुठे उभं राहायचं तिथे मी चुन्याने रेघ मारली. टोपलीच्या उजवीकडच्या बाभळीवर नेम धरायचा, डिस्क आपली आपण डावीकडे वळून टोपलीपाशी येईल. प्रमेय सिद्ध झालं होतं.

बुधवारी सकाळी तिला म्हटलं, "चल, मंडईत जाऊ." स्कूटर स्वारगेटच्या सिग्नलला थांबली तेव्हा मागून आवाज आला, "अहो, मंडई मागे राहिली."

"राहू दे."

माळावर कुणी नव्हतं. मी तिला रेघेवर उभं केलं, बाभूळ दाखवली, डिस्क हातात दिली. तिने फेकली. डिस्क आठ पावलांवर पडली. दुसऱ्यांदा तर हातातून नुसती गळली. मनगट किती हलतं ते मी मोजलं होतं, पण तिची पकडच सैल झाली आहे हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. तिसऱ्यांदाही तेच. मी काठाच्या जाडीबद्दल काहीतरी सांगायला लागलो. वर्गात फळ्याकडे बघून बोलायचो, तसा डिस्ककडे बघून बोलत होतो.

ती दगडावर बसली. "अहो, डिस्क चांगली आहे. हातच गेलाय. तो कुठून निवडून आणाल?"

मी डिस्क उचलून तिच्याशेजारी ठेवली. ती उठली, इकडेतिकडे कुणी नाही ना ते पाहिलं, डिस्क डाव्या हातात घेतली आणि सणकून फेकली.

डिस्क सरळ बाभळीच्या दिशेने गेली, पुढे उजवीकडे वळली आणि घाणेरीच्या झुडपात घुसली.

"अगं, उलटी गेली!" मी ओरडलो.

"उलटी कशाने? डाव्या हाताने फेकली, उजवीकडे गेली." मग खाली बघून म्हणाली, "मी डावरी आहे. म्हणजे होते."

लहानपणी जेवायला बसली की आई तिचा डावा हात फडक्याने कमरेला बांधायची. शाळेत बाई पट्टी मारायच्या. प्रसादाला डावा हात पुढे केला की सगळ्यांसमोर खाली झटकला जायचा. वर्षभरात ती उजव्या हाताने लिहायला लागली आणि सगळे सुटले.

"मला कधी बोलली नाहीस?"

"मुलगी दाखवताना हे कोण सांगतं? आणि नंतर तुम्ही कधी विचारलंत?"

घट्ट बसलेली बरणी ती डाव्या हाताने उघडते. तवा तापला का ते डावा हात वर धरून बघते. चौतीस वर्षं हे मी रोज पाहत होतो. पाहत होतो म्हणजे काय, समोर होतं इतकंच. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी घाणेरीत शिरून, हात ओरबाडून घेऊन डिस्क काढली. "आता तोच कोन, पण आरशातला," मी म्हणालो. "टोपलीच्या डावीकडे तो पांढरा दगड आहे ना, त्याच्यावर नेम धर."

तिने फेकली. ती हट्टी डिस्क दगडाकडे गेली, उजवीकडे वळली आणि टोपलीपासून तीन पावलांवर येऊन बसली. बायको चालत गेली, डिस्क उचलली आणि डाव्या हातानेच टोपलीत टाकली. साखळ्या खळखळल्या. ती मोठ्याने हसली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"तुमची वही फुकट गेली," ती म्हणाली.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, डाव्या हाताला अजून काही नाही. ते 'अजून' आम्हा दोघांनाही ऐकू आलं. रविवारी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती.

पुढे बहिणीकडे पुन्हा सत्यनारायण आला. तिने आपणहून साडी काढली. तीर्थाच्या वेळी आम्ही शेजारी उभे होतो. तिने डावा हात पुढे केला. गुरुजींची पळी तशीच थांबली. "उजवा हात, वहिनी."

"गुरुजी, माझा हात हाच आहे," ती म्हणाली. आवाज स्थिर होता, हातही.

माझ्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी माझाही डावा हात तिच्या हाताला लावून पुढे धरला. गुरुजींनी दोघांकडे पाहिलं आणि आधी तिच्या, मग माझ्या तळहातावर तीर्थ घातलं. तिचा एक थेंबही सांडला नाही. माझ्या डाव्या हाताला सवय कुठली, माझं सगळं कोपरावरून झब्ब्यात गेलं.

"नीट धरा," ती हळूच म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने माझा हात खालून सावरला.