एकतिसावा फेरा

चावीवालीने गिरणीतला एक लोखंडी गडी पळवून नवरा म्हणून घरात ठेवलाय, अशी कुजबुज गल्लीत होती. खरा नवरा म्हणे केव्हाच गेला. शेजारीण तर शपथेवर सांगायची, "भर दुपारी भिंतीला कान लावा. कर्र कर्र ऐकू येतं. माणसाला कोण चावी देतं, बाई?"

चावीवालीचं कामच चावी देण्याचं. गिरणीत चाळीस लोखंडी गडी. सकाळी प्रत्येकाच्या पाठीत चावी घालून तीस फेरे द्यायचे, एकतिसावा कधीच नाही. शेवटचा फेरा सोडायचा, नाहीतर आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटते, हे तिला आईने शिकवलं होतं. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही कमान तुटली नव्हती, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची.

नवऱ्याचं काळीज निकामी झालं तेव्हा दवाखान्यात कमानीचं बसवलं. चावीचं भोक नेमकं पाठीत, त्याचा हात पोचेना. तो म्हणायचा, "लग्नापासून मी तुझ्याच हातात आहे, आता डॉक्टरांनी शिक्का मारला इतकंच."

दहा तास चालणारी कमान झिजून आठांवर आली. तसली नवी आता कुणी बनवत नव्हतं. दुपारी ती धावत घरी येऊन चावी द्यायची. मग नव्या मुकादमाने बजावलं, उद्यापासून फाटकाला कुलूप: भोंगा ते भोंगा आठ तास कुणी बाहेर नाही.

"साहेब, दहा मिनिटं सोडा. नवऱ्याला बघायचं असतं."

"काकू, इतकी वर्षं बघून पोट नाही भरलं?"

सगळे हसले. तीही हसली. रडून कुलूप उघडणार नव्हतं, आणि काम सोडलं तर चूल विझणार होती.

त्याच संध्याकाळी तिने शेजारणीला घरी आणून तिच्यापुढे पदर पसरला. "ताई, दुपारी एकदा तीस फेरे द्या." नवऱ्याचा सदरा वर केला. पाठीतलं भोक पाहून शेजारीण जी उठली, ती "मी म्हटलंच होतं" करत गल्लीभर फिरली. त्यानंतर एकही दार उघडेना.

आठ तास गिरणीत, जाण्यायेण्याचा पाव तास वेगळा. कमी पडणार होता तो तेवढा पाव तास. आणि एक फेरा म्हणजे पाव तास.

सकाळी तिने तीस मोजले. हात थांबला.

"झालं का गं?" पाठमोऱ्या नवऱ्याने विचारलं. "सदरा खाली कर, गारठतंय."

"थांबा जरा."

तिने एकतिसावा दिला. चावी बोटांत सैल फिरली.

घरात लोखंडी गडी नव्हता. माणूस होता. कमान तुटली आणि तो मेला.