सरांचा बर्फ

आमचे प्राणिशास्त्राचे सर शुद्ध शाकाहारी होते, आणि नगरमधल्या एका खाटकाचं रोजचं पहिलं गिऱ्हाईकही तेच असत. सायकलच्या हँडलला बर्फाचा थर्मास अडकवून ते जात आणि बोकडाचं ताजं हृदय घेऊन येत. "सर, कलेजी न्या की," खाटीक म्हणे, "दिलात खायाला काय हाय?"

"खायला नाही, विचारायला नेतोय," सर म्हणत.

विचारायचं एकच होतं. हृदयाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या. त्या कॅल्शियम आत ओढतात. थोडं असलं तर काम जोरात चालतं, फार साठलं तर भट्टीच मरते. मग जास्तीचं बाहेर कसं पडतं? "घेणं सगळ्यांना येतं," सर म्हणत. "सोडतात कसे, ते बघायचं." मला हे वाक्य भांडवलदारांविषयी वाटे आणि मी ते लगेच वहीत उतरवून घेई.

प्रयोगात मी सरांच्या हाताखाली असे. एकदा मला मोर्चाला जायची घाई होती. द्रावणात पोटॅशियमचं मीठ घालायचं होतं, पण ती बाटली रिकामी. मी शेजारच्या बाटलीतलं सोडियमचं, म्हणजे आपलं खायचं मीठ घातलं. क्रांतीच्या तोंडावर मिठामिठांत भेदभाव कशाला? आणि त्या दिवशी भट्ट्यांनी ओढलेलं कॅल्शियम परत सोडलं. माझी चूक ऐकून सर रागावले नाहीत. "आता हीच चूक दहा वेळा नीट करायची," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात माझं पत्रक निघालं. दुष्काळाचं वर्ष. कॉलेजच्या कार्यालयात पाहुण्यांना गार सरबत मिळे, त्यावर मी मथळा दिला होता : 'गावाला पाणी नाही, कॉलेजात बर्फ!' पत्रकाचा परिणाम झाला, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडलं. प्राचार्यांनी कॉलेजातला बर्फ बंद केला. कार्यालयात थंड बाटल्या येऊ लागल्या. सरांचा थर्मासही कॉलेजच्याच बर्फाने भरे, तो कोरडा पडला.

"तू लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मथळा चांगला आहे."

त्यांनी माठाच्या पाण्यावर प्रयोग करून पाहिला. नगरच्या उन्हात भट्ट्या तासाभरात नासल्या.

दोनेक वर्षांनी पुण्याच्या मित्राने त्यांना परदेशी मासिकातला एक निबंध धाडला. हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियातलं कॅल्शियम सोडियममुळे बाहेर पडतं, असं त्यात होतं. मी पेटलो. म्हटलं, "पत्रक काढतो. हा शोध आधी नगरला लागला."

"आपण किती वेळा पाहिलं?"

"एकदा."

"मग शोध त्यांचाच. तू मुलांसाठी मराठीत एक पान लिही. कुणावर आरोप न करता."

शेकडो पत्रकं लिहिलेल्या मला ते पान लिहायला अकरा दिवस लागले. शेवटी लिहिलं होतं, 'हा प्रयोग आपल्याकडे माझ्यामुळे अपुरा राहिला.' सरांनी सगळं पान ठेवलं. ती ओळ तेवढी लाल शाईने खोडली आणि शेजारी लिहिलं, 'विषयाला धरून नाही.'