गार्डकाकांची कॅसेट

पूर्णा स्टेशनवर कुणाच्या मोबाईलवर जुनं रेगे गाणं वाजलं, की शेजारच्या गार्डकाकांची निवृत्तीची मिरवणूक आठवते. जमैकाच्या त्या गायकांबद्दल काका म्हणत, ‘मालगाडीवानी गातेत. घाई न्हाई, पण पोचतेत.’ गुलालानं माखलेल्या काकांनी जीपमधून डीजेवाल्याला त्याच गाण्यांची कॅसेट दिली. ‘काका, आमच्याकडं पेनड्राईव्हच चालतो. अन् ह्यावर नाचंल कोण?’ काकू म्हणाल्या, ‘लाव की रे, तीस वर्षं मी एकटीच ऐकायलेय!’ सगळे हसले; कॅसेट परत खिशात गेली. गाणं आधीच भरून आणायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आता ती गाणी माझ्या मोबाईलमध्ये आहेत, काका नाहीत. त्या दिवशी मिरवणूक दारात पोचल्यावर डीजेवाल्याचे पाच हजार काकांनीच दिले, वर म्हणाले, ‘लय छान वाजवलंस.’