रांगेतली पुढची जागा

आमचं गाव कामरगावहून धनजकडे जाताना लागतं. गावात आठवडी बाजाराचे चार सिमेंटचे ओटे आहेत. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या ओट्यावर, बाजाराचा दिवस सोडून रोज संध्याकाळी, आमचा तायक्वांदोचा क्लास भरतो. हा क्लास कोणी काढला असं आज गावात विचारलं, तर कोणीही छाती फुगवून सांगेल, "आमीच काढला." साफ खोटं. काढला आमच्या शाळेतल्या सरांनी, आणि तेव्हा निम्मं गाव ओट्याच्या कडेला बसून दात काढत होतं.

क्लासातली पहिली मुलगी मी. बाबा जीप चालवतात. त्यांच्या जीपमधलेच लोक त्यांना टोचायचे, "तुमची पोट्टी लाता मारनं शिकून राह्यली म्हने?" बाबा गिअर टाकत म्हणायचे, "हो. कामी पडते."

सरांचा एकच नियम होता, रांग पट्ट्याप्रमाणे. उंची, वय, आडनाव, वस्ती, काही चालायचं नाही. ज्याचा पट्टा वरचा तो पुढे, आणि सुरुवातीला सगळ्यांनी त्याला कमरेतून वाकून नमस्कार करायचा. त्यानंही उलट तसंच वाकायचं. आमचं घर नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. गावात कुठल्याच रांगेत मला कोणी आपणहून पुढे बोलावलं नव्हतं. या रांगेत मी हिरव्या, निळ्या आणि मग लाल पट्ट्यापर्यंत एकेक पाऊल पुढे सरकले, आणि ते मला फार आवडायचं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

पहिल्यांदा वाशीमला स्पर्धेला गेलो तेव्हा मात्र आमची पार फजिती झाली. आमच्याकडे छातीला बांधायचे गार्ड नव्हते. कोणाची बरगडी मोडू नये म्हणून सरांनी सवय लावली होती, किक पूर्ण ताकदीनं मारायची, पण समोरच्याच्या अंगापासून बोटभर आधी थांबवायची. वर्षभर आम्ही तेच घोटलं. स्पर्धेत आमच्या किका सुंदर गेल्या आणि सगळ्या बोटभर आधी थांबल्या. लागल्याशिवाय गुण नाही. आठ जण गेलो होतो, आठही जण शून्यावर हरलो. परतीच्या एसटीत सर आमच्या पुढच्या सीटवर होते. कारंजा गेल्यावर मागे वळून म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही रे. चुकलं माह्यं."

आमच्या गावात मोठ्या माणसानं असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला रडू आलं ते हरण्यामुळे नाही, त्या वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सरांनी खताच्या रिकाम्या पोत्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा, दाबून भरलं आणि पोती आमच्या छातीला सुतळीनं बांधली. "आता थांबाचं नाही," म्हणाले. कुटारानं अंगाला अशी खाज सुटायची की विचारू नका. पण पुढच्या स्पर्धेत आमच्या किका लागल्या.

मग सरांची बदली झाली. जाताना क्लासाची शिटी आणि पोती माझ्या हवाली केली. सर गेल्यावर आठवड्याच्या आत ओट्यावर पालकांची बैठक भरली. पंचायतीतले एक काका उभे राहिले. त्यांचा मुलगा आमच्यात होता, हिरव्या पट्ट्याचा. काका म्हणाले, "क्लास चालू द्या, आमचं काही म्हननं नाही. पन पुढं आमचा पोरगा उभा राहीन. तू मांगून शिकव. एका पोरीपुढं पोट्ट्याईनं वाकाचं, हे बरं दिसते का?"

"काहून नाही दिसत?" मी म्हटलं. "काका, त्याचा पट्टा हिरवा हाये."

"पट्ट्याचं काय घेऊन बसली! आपली जागा पाह्य जरा."

जागा! माझ्या डोक्यात सणक गेली. कोणती जागा म्हणायची होती त्यांना, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. "पाह्यली," मी म्हटलं. "पुढची हाये."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चार जणी आल्या. बाकीच्यांना घरून सोडलं नाही. मी पुढे उभी राहिले, शिटी वाजवली, चौघींनी नमस्कार केला, मीही वाकले. अकरा दिवस असंच चाललं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. क्लास माझ्या हातून बंद पडला तर सरांना काय तोंड दाखवणार, हे रोज मनात यायचं. पण मागे जाऊन उभं राहायचं, हे एकदाही मनात आलं नाही.

बाराव्या दिवशी काका स्वतः आले, मागे पाचपंचवीस बघे. "एवढी सर झाली तं दाखव तुह्यी लात," म्हणाले. "मले मारून दाखव."

मी सगळ्यात जाड पोतं उचललं. "बांधा."

त्यांनी हसत हसत बांधून घेतलं. गावाच्या डोक्यात अजून जुनीच सवय होती, पोरं किक थांबवतात. काका हात पसरून ऐटीत उभे राहिले.

मी थांबले नाही.

पोतं फुटलं. काका दोन पावलं मागे गेले आणि ओट्यावर फतकल मारून बसले, डोक्यापासून पायापर्यंत कुटार. कोणी हसलं नाही. मी समोर जाऊन कमरेतून वाकून नमस्कार केला, कारण नियम तसाच आहे. ते अंग खाजवत उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. त्याच्यामागून बाकीचेही आले. तो नुसताच घुटमळला, तेव्हा मी बोटानं हिरव्या पट्ट्याची जागा दाखवली, आणि तो तिथे जाऊन उभा राहिला.

अजूनही कोणी नवे पालक पोराला घेऊन ओट्यावर येतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "सर कुठी हायेत?"

"तुमच्या पुढं उभी हाये," मी म्हणते.