व्हिक्टरची कॅसेट

व्हिक्टरच्या गाण्याला मी हसलो, ती चूक माझीच. आज लिंबाच्या काळ्या चहाचा वास आला आणि अमेरिकेतल्या प्लेनो शहराच्या हायवेवरची ती सकाळ आठवली. आम्ही दोघं सहकारी, दमलेलेच ऑफिसला निघालेलो. थर्मासमधला चहा मला देऊन त्याने आपल्या रशियातल्या, तरुणपणीच्या रॉक बँडची कॅसेट लावली. तेव्हा तिथले बरेच बँड इंग्लिश गाण्यांची नक्कल करायचे. व्हिक्टरचा बँड मात्र रशियनमध्ये गायचा.

"रॉक इंग्लिशमध्येच शोभतं," मी हसत म्हणालो. त्याने कॅसेट काढली आणि गाडी चालवत राहिला.

खरं तर कॉलेजात मीही मराठीत रॉक लिहिलं होतं. लोक हसतील म्हणून कधी गायलो नाही.

हे ओझं वागवून थकलो. आज त्याला फोन केला. "व्हिक्टर, तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. हसलो, त्याबद्दल माफ कर."